भीती किलोत मोजणारे मास्तर

चौकाच्या मधोमध गाडी बंद पडली आणि मागून सात-आठ हॉर्न एकदम वाजले, तेव्हा मी माझ्या आयुष्यातला सर्वांत झटपट निर्णय घेतला. दार उघडलं, खाली उतरलो आणि चालू लागलो. गाडी ड्रायव्हिंग शाळेची होती आणि शेजारच्या सीटवर मास्तर बसलेले होते, हे मला रस्ता ओलांडल्यावर आठवलं.

मला वाटलं, ते सरकून स्टिअरिंगमागे येतील आणि गाडी काढतील. कुठल्याही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. चष्म्याच्या दुकानाआडून मी पाहत राहिलो. मास्तर जागचे हलले नाहीत. एक टेम्पोवाला खाली उतरला, त्यांच्या खिडकीशी आला आणि त्यांच्या तीन पिढ्यांचा उद्धार करून गेला. तो हवामानाचा अंदाज सांगत असावा, तशी मास्तरांनी मान डोलावली.

अकरा मिनिटांनी माझी लाज भीतीपेक्षा जड झाली आणि मी परत गेलो.

"किल्ली तिथेच आहे," मास्तर म्हणाले.

"तुम्ही का नाही काढलीत गाडी?"

"मी काढली असती तर तू सुखाने घरी गेला असतास. आणि उद्या आला नसतास." मग घरच्यासारखं विचारलं, "किती आहे आत्ता?"

"काय किती?"

"भीती. किलोत सांग."

मागे हॉर्न चालूच होते. अशा वेळी माणूस खोटं बोलत नाही. "पंधरा असेल."

"कुठे आहे?"

"पोटात. थोडी गुडघ्यात."

"पंधरा किलोची गोणी मांडीवर घेऊन क्लच दाबता येतो का?"

मी विचार केला. "येतो बहुतेक."

"मग दाब. गोणी उतरवायला कुणी सांगितलंय?"

मास्तर तरुणपणी धान्याच्या गोदामात वजनकाट्यावर होते. काटा सुटला, सवय सुटली नाही. त्यानंतर बावीस वर्षं ते या शाळेत शिकवत होते, त्याच डाव्या-उजव्या वळणांवर, त्याच सीटवर. शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक जादा ब्रेक असतो, त्यावर त्यांचा पाय असायचा. मान हलवायची, आवाज चढवायचा नाही, आणि एक नियम पाळायचा: 'घाबरू नका' हे शब्द गाडीत कुणी उच्चारायचे नाहीत.

"त्याने काय होतं," ते समजावत, "एक काम होतं, त्याची दोन होतात. आधी नुसतं घाबरायचं होतं, आता ते लपवायचंही."

फारच झालं तर इंजिन बंद करायचं आणि समोर जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. "मत नको, वस्तू सांग," ही त्यांची अट. 'तो बसवाला नालायक आहे' हे मत. 'लाल बस, फुटका आरसा' ही वस्तू. माझ्यासोबत एक नर्सबाई शिकत होत्या. लोकांच्या दंडात सुई खुपसताना त्यांची पापणी लवत नसे, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की ढसाढसा रडू येई. मास्तर रडू देत. रडताना हँडब्रेक ओढलेला असावा, एवढंच त्यांचं म्हणणं.

या सगळ्याला वेळ लागे आणि वेळ मालकांच्या डोळ्यांत खुपे. शाळेचे मालक अर्ध्या दिवसाच्या मनःशांतीच्या शिबिराला जाऊन आले होते. त्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून खुर्चीमागे टांगलेलं होतं. त्याच्या बरोबर खाली बसून ते ओरडत.

"भाच्याची पोरं पंधरा दिवसांत पास होतात. तुमची पंचवीस दिवस बागेजवळ इंजिन बंद करून बसतात. मी शाळा काढलीय की विश्रांतिगृह?"

भाचा म्हणजे दुसऱ्या गाडीवरचा शिक्षक. 'घाबरतोस काय, मी आहे ना' असं म्हणून तो गाणी मोठ्याने लावी. त्याची पोरं पास होत हे खरं. पुढे ती कुठे आपटत, याची नोंद शाळेत ठेवत नसत.

मालकांनी शेवटी निकाल दिला. मास्तरांचा पुढचा विद्यार्थी नापास झाला, तर गाडी आणखी एका नातेवाइकाला, आणि मास्तरांनी ऑफिसात बसून फॉर्म भरायचे. ज्या माणसाला बावीस वर्षं लोकांच्या पोटातली गोणी कळत होती, त्याने आता त्यांच्या जन्मतारखा उतरवायच्या.

मास्तरांनी यादी पाहिली. पुढचं नाव माझं होतं. नशीब एखाद्याच्या किती मागे लागावं, याला काही धरबंद नाही.

परीक्षेच्या सकाळी मी नवे बूट घालून गेलो. "साहेबांसमोर नीटनेटका जा," असं आईचं मत पडलं होतं. तळवा इतका जाड की खाली क्लच आहे की उशी, ते कळेना. मास्तरांनी माझ्या पायांकडे पाहिलं, स्वतःच्या झिजलेल्या चपला काढल्या आणि म्हणाले, "घाल." माझे बूट त्यांनी घातले. दोन नंबर लहान होते. ते तसेच, नव्या नवरदेवासारखे अवघडत, परीक्षेच्या मैदानाला बांधलेल्या दोरीपलीकडे जाऊन उभे राहिले.

चढावर गाडी बंद पडली. मला तिची सवय होती, तिलाही माझी. शेजारी बसलेले परीक्षक साहेब सुस्कारा टाकून वहीत काही लिहू लागले. मी श्वास घेतला आणि सुरुवात केली.

"पिवळी रेघ. लोखंडी खांब. निळं पेन. शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं."

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं. "माझ्याबद्दल बोलतोयस?"

"नाही साहेब. वस्तूंबद्दल."

"मग या वस्तूबद्दल काही करणार आहेस का? गाडी म्हणतात हिला."

"हो साहेब. अठरा किलो आहे. निघतो."

निघालो. गाडी मागेही आली नाही आणि खांबालाही लागली नाही. शेवटच्या वळणावर दोरीपलीकडचे मास्तर दिसले. चेहरा नेहमीसारखा, रविवारच्या दुपारसारखा. पण मी खांबाजवळ पोचलो तेव्हा त्यांचा उजवा पाय जमीन दाबत होता. जोर लावून, टाचेपासून. तिथे ब्रेक नव्हता, माती होती. आम्ही सगळे समजत होतो, या माणसाला काही होतच नाही.

"पास," साहेब म्हणाले. "पण एकदा डॉक्टरला दाखव."

मालकांनी शब्द पाळला, म्हणजे पाळावा लागला. गाडी मास्तरांकडेच राहिली. त्याच संध्याकाळी ऑफिसात पाटी लागली: 'विनाकारण इंजिन बंद करून बसू नये.' आता मास्तर इंजिन चालू ठेवून बसतात. तेवढं पेट्रोल शांतीच्या खात्यात.

परीक्षेहून परत येताना मी विचारलं होतं, "तिथे उभे होतात तेव्हा किती होती?"

"चाळीस," ते म्हणाले. मग पायाकडे पाहून म्हणाले, "बेचाळीस असेल. तुझे बूट धरून."

बुटाचं बोलायचं, तर उजव्या बुटाचा तळवा पुढून उघडला होता. मातीत ब्रेक दाबल्यावर दुसरं काय होणार. मी म्हटलं, राहू द्या, तुमच्या चपला घ्या. मास्तर ऐकेनात. बूट शिवून देईन, मगच चपला घेईन, असा त्यांचा हट्ट. बूट शिवणारा दर आठवड्याला 'परवा या' म्हणतो. मास्तर दर परवा जातात आणि तसेच परत येतात, जुन्या चपलांहून जुन्या चपला घालून.

याला तीन महिने झाले. आमच्या दाराशी त्यांच्या चपला आहेत. आई दर शनिवारी त्या पुसते आणि विचारते, "अजून दिल्या नाहीस?" मी म्हणतो, बूट आला की देतो.