रुद्राप्पांचा गप्प महिना

शाहूपुरीत रुद्राप्पांचं दोर-सुतळीचं दुकान होतं, पण गाव त्यांना ओळखायचं ते 'अध्यक्ष' म्हणून. कुठल्या एका संस्थेचे नव्हेत. ज्याला अध्यक्ष मिळत नसे, त्या प्रत्येकाचे. बालवाडीचं संमेलन असो की तालमीचा बक्षीस समारंभ, दारात रिक्षा उभी राहायची आणि फेटा सावरत रुद्राप्पा निघायचे. आवाज असा खणखणीत, की कर्णा बंद पडला तरी अडत नसे.

"आज कुणाचा हार घालून घ्यायचाय?" त्यांची बायको नीलम्मा विचारायची.

"न्हाय म्हटलं तर लोकं काय म्हणतील?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

१९७३ च्या थंडीत तो आवाज बसला. डॉक्टरांनी घसा तपासला आणि सांगितलं, "महिनाभर एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही."

पहिल्याच रविवारी बालवाडीचं संमेलन होतं. गल्लीतल्या मंडळाचे चिटणीस हंबीरराव बोलवायला आले, नीलम्मानं त्यांना दारातूनच परत पाठवलं. रुद्राप्पांना घरात बसवेना. आपल्यावाचून सगळा विचका होणार, या काळजीनं ते गुपचूप जाऊन शेवटच्या रांगेत बसले. अध्यक्षांच्या खुर्चीवर बालवाडीच्या शिक्षिका बायडाबाई होत्या. त्या चार मिनिटं बोलल्या, पोरं खदाखदा हसली, बक्षिसं वाटली गेली आणि उजेड असतानाच माणसं घरी गेली. अध्यक्ष कुठं दिसत नाहीत, असं कुणी विचारलंही नाही.

रुद्राप्पांना वाईट वाटायला हवं होतं. ते काही केल्या वाटेना. उलट वाटेत त्यांनी भडंगाचा पुडा घेतला आणि शाळेतल्या पोरासारखे तो खात खात घरी आले.

लागलं ते दुसरंच. दुकानापासून चार घरं सोडून सिकंदर स्टो दुरुस्त करायचा. दोघं पहिलीपासूनचे सोबती. सिकंदरची नजर मंद झाल्यापासून, आठ वर्षं, रुद्राप्पा रोज सकाळी त्याच्या पायरीवर बसून पेपर वाचून दाखवायचे. मात्र बसायचे रस्त्याकडं पाठ करून. एवढा अध्यक्ष माणूस स्टोवाल्याच्या पायरीवर, असं कुणी म्हणायला नको. पेपर वाचण्याचं त्यांना स्वतःलाही वाटायचं, नुसती सवय आहे, झालं.

आता ते पेपर उघडून बसले, मोठी बातमी दिसली, तोंड उघडलं आणि मिटलं. सिकंदरला ते न बघताच कळलं.

"आण हिकडं," तो म्हणाला, "आज मी वाचतो."

त्यानं पेपर घेतला तो उलटाच. खाकरून सुरुवात केली, "ताजी बातमी. शाहूपुरीतल्या सभा आता चार मिनिटांत संपाय लागल्यात. जनता लई खूश हाय. फेट्याला बी विश्रांती मिळालीय, असं फेट्यानं आमच्या बातमीदाराला सांगितलं."

रुद्राप्पा बिनआवाजाचे हसले. पोट हलत होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. स्टो घेऊन आलेली गिऱ्हाइकं आधी त्यांच्याकडं बघत राहिली, मग तीही हसायला लागली.

त्या दिवशी त्यांनी कागदावर लिहून नीलम्मापुढं सरकवलं : 'सभा सुटल्या, काही वाटलं नाही. पेपर सुटला तो लागतोय.'

शेंगा सोलता सोलता नीलम्मानं वाचलं. "आणि परवा शेजारच्या गणपतरावांची आई गेली तवा तासभर जाऊन बसलासा, ते? बोलता येत न्हवतं, न्हाय गेला तरी कोण नाव ठेवणार न्हवतं."

रुद्राप्पांनी कागद पुन्हा पुढं ओढला. मग त्यांनी लिहिलं, 'जावंसं वाटलं.'

"मग मनानं केलं ते बी तुमचंच की," ती म्हणाली आणि शेंगांकडं वळली.

महिना सरला. डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली त्याच सकाळी हंबीरराव हजर. "अण्णा, रविवारी तुमचा सत्कार! आवाज परत आला म्हणून. आणि अध्यक्ष बी तुमीच."

"न्हाय," रुद्राप्पा म्हणाले.

"घसा अजून धरलाय व्हय?"

"घसा बरा हाय. माझं मन होत न्हाय."

"अवो, लोकं काय म्हणतील?"

रुद्राप्पांचा हात सवयीनं फेट्याकडं गेला. पण ते चपला घालत म्हणाले, "म्हणू द्यात. बायडाबाईंना बसवा, झकास बोलतात. मला पेपर वाचाय जायचंय."

लोक बोलले. अध्यक्ष शेफारले, असं दोन महिने चाललं. मग लोकांना दुसरा विषय मिळाला. बायडाबाईंना रिक्षा यायला लागल्या आणि रुद्राप्पा पहिल्या रांगेत बसून मनापासून टाळ्या वाजवू लागले. मयताच्या घरी जाणं त्यांनी सोडलं नाही. पायरीवर आता रस्त्याकडं तोंड करून बसायचे, आणि असं मोठ्यानं वाचायचे की शेजारचा पानवाला, पोस्टमन, भाजीवाल्या बायका, जो तो दोन घटका थांबायचा.

७८ साली सिकंदरच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, चष्मा आला, त्याला बारीक अक्षरंसुद्धा दिसायला लागली. दुसऱ्या दिवशी रुद्राप्पांनी पेपर त्याच्या हातात ठेवला. "घे. आता तुझं तू वाच."

सिकंदरनं तो परत दिला. चष्मा पुसून नाकावर चढवला आणि मित्राकडं टक लावून म्हणाला, "तू वाच गड्या. आठाची तेरा वर्सं झाली, नुसतं ऐकतोय. वाचताना तुझं तोंड कसं हुतंय, ते बघायचंय मला."

रुद्राप्पांनी पहिलं पान उघडलं आणि सुरुवात केली.