लिटरमागे सव्वापाच

लालासाहेब शेलार मूळचे मेढ्याकडचे. सतरा वर्षं फौजेत ट्रक चालवून आले आणि बसवर ड्रायव्हर लागले. डेपो कुठला ते सांगत नाही, तिथली माणसं अजून नोकरीत आहेत. शेवटची सहा वर्षं ते डोंगरावरची सकाळची फेरी करायचे आणि कंडक्टर म्हणून मागं दीपाली मगदूम असायची. तिचं माहेर आष्ट्याचं, वय चौतीस. मुलगी शाळेतून यायच्या आत घरी पोचता यावं म्हणून तिनं ही ड्युटी मागून घेतली होती. लालासाहेबांना ती मामा म्हणायची.

दिवाळीनंतर वरून एक साहेब आले आणि बक्षीस योजना सुरू झाली. ड्रायव्हरांत जो सगळ्यात जास्त डिझेल वाचवेल त्याचा दर महिन्याला सत्कार, कंडक्टरांत जो सगळ्यात जास्त उत्पन्न आणेल त्याचा. दोन्ही याद्या एकाच फळ्यावर लागणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, नावानिशी. तळाच्या तिघांची ठरलेली ड्युटी जाणार आणि पुढं मिळेल ती करावी लागणार.

फौजेत लालासाहेबांचा कुणी असा नंबर लावला नव्हता. ताफ्यातली पुढची गाडी दिसली पाहिजे, मागची राहिली नाही पाहिजे, एवढंच बघायचं. इथं पहिल्या महिन्यात त्यांचं नाव अकरावं आलं.  ते फळ्यापुढं बराच वेळ उभे होते, असं दीपाली सांगते.

मग डिझेल वाचवायला ते उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायला लागले. यात गाडी ताब्यात राहत नाही, हे चूक आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण नव्या ड्रायव्हरांना यासाठी त्यांनीच दटावलेलं होतं. राहिला चढ. खिंडीच्या अलीकडं ऐन चढावर एक थांबा होता. तिथं भरलेली गाडी थांबवून पुन्हा पहिल्या गिअरवर उचलायची म्हणजे डिझेल नुसतं पीत सुटायची. थांब्यावर वस्तीवरची चार-पाच माणसं असत. त्यांत रंगूबाई रोजची. तालुक्याच्या दवाखान्यात झाडलोट करायची, नऊच्या आत पोचावं लागायचं.

एका सकाळी दीपालीनं थांबायची एक घंटी, सिंगल, दिली तरी लालासाहेबांनी तिथं गाडीचा वेग कमी केला नाही. खिडकीतून हात काढून मागं दाखवला, मागनं गाडी येतीय म्हणून. मागची गाडी अडीच तासांनी होती. खिंड चढून गाडी सपाटीला लागल्यावर दीपाली केबिनजवळ आली.

"मामा, सिंगल दिली हुती मी."

"ऐकली," लालासाहेब म्हणाले.

ती परत मागं जाऊन बसली. पुढं त्यांनी बायकोला सांगितलं की त्या वेळी वाईट वाटलं नाही, बरंही वाटलं नाही. हात आपोआप गेला.

पुढं तो थांबा रोजच सुटायला लागला. त्या महिन्यात लिटरमागे सव्वापाच किलोमीटर पडले आणि त्यांचा पहिला नंबर आला. नंतर आणखी तीन वेळा आला. भिंतीवरचं घड्याळ मिळालं, डब्यांचा सेट मिळाला, फळ्यावर फोटो लागला. जुन्या गाड्या वाट्याला आलेल्या ड्रायव्हरांनी तोवर प्रयत्नच सोडला होता. ऋषिराज नावाचा एक ड्रायव्हर तर उघड म्हणायचा की आपला नंबर काय येत नाही, मग कशाला जीव काढायचा. आधी तोच गाडी सगळ्यात जपून चालवायचा. एकदा त्याच्या मागच्या चाकात हवा कमी आहे हे लालासाहेबांच्या लक्षात आलं. हवा कमी म्हणजे डिझेल जास्त. ते चहा पीत उभे राहिले. ऋषिराज गाडी घेऊन गेला.

दीपालीचं नाव महिन्या-महिन्यानं खाली येत होतं. मार्चमध्ये तिनं सरळ विषय काढला.

"खालनं चौथी हाय मी. त्या थांब्यावरची माणसं घेतली तर वाचंन."

"मग मी खाली येतो," लालासाहेब म्हणाले.

ती भांडली नाही. एप्रिलमध्ये तिची सकाळची ड्युटी गेली. मुलगी शाळा सुटल्यावर शेजाऱ्यांकडं बसायला लागली.

योजना आठ महिने चालली. जुलैत साहेबांनी सगळ्या डेपोची बेरीज केली. जेवढ्या रुपयांचं डिझेल वाचलं होतं त्याहून जास्त उत्पन्न गेलं होतं. डेपो मॅनेजरनं याद्या काढून घेतल्या.

लालासाहेब चढावर पुन्हा गाडी थांबवायला लागले. तिथं कुणी नसायचं. माणसं आता वडापच्या खाजगी जीपनं जात होती. रंगूबाईचं काम सुटलं होतं. उशिरा येते म्हणून दवाखान्यानं दुसरी बाई ठेवली होती. हे त्यांना नव्या कंडक्टरनं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडी पुढं घेतली.

दीपालीला सकाळची ड्युटी परत मिळाली, पण दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर. बदलून द्या असं तिनं म्हटलं नाही, त्यांनीही नाही. स्टँडवर भेट झाली की दोघं बोलत. पावसाचं, रस्त्याचं, मुलीच्या दहावीचं.

ऑक्टोबरात लालासाहेब निवृत्त झाले. शाल, नारळ, चार शब्द. एकही अपघात न करता नोकरी केली असं मॅनेजर म्हणाले आणि ते खरं होतं. नंतर दीपालीनं त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की आष्ट्यात एका शाळेला बससाठी ड्रायव्हर हवाय, तिच्या भावाच्या ओळखीत आहे.

लालासाहेबांनी शालीची घडी करून काखेत घेतली.

"तितं नंबर लावत्यात का, तेवढं इचार," ते म्हणाले.

ती बरं म्हणाली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. तिथं नंबर वगैरे काही लावत नव्हते. लालासाहेबांनी बघतो म्हणून फोन ठेवला. अजून ते गेलेले नाहीत, आणि नाही असंही त्यांनी कळवलेलं नाही.