आक्काचा डबा कधी रिकामा परत गेला नाही

आक्का गेली तेव्हा मला आधी दुःख झालं नाही. हेवा वाटला.

आज वर्ष झालं. आज तरी खरं लिहावं म्हणून लिहितेय.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. औशाला राहायची. शिक्षण सातवी.

त्या दिवशी माझी मुलगी ऋतुजा तिच्या पायांना मिठी मारून बसली होती. उठेचना. बायका मला म्हणत होत्या, "अवं, पोरीला आवरा."

आणि माझ्या मनात आलं, मी गेल्यावर ही एवढी रडेल का?

अशा वेळी असं मनात येणारी बाई कशी म्हणायची? डायरीत हा प्रश्न लिहून ठेवलाय.

ऋतुजा तिला मोठ्याई म्हणायची. आपल्याकडे थोरल्या काकूला म्हणतातच. पण मला तो शब्द टोचायचा. मोठी आई ती, मग मी कोण?

मी नांदेडला अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवते. ताणतणावाचा धडा तोंडपाठ आहे. "मुलांशी संवाद ठेवा" असं पालक मेळाव्यात माइकवरून सांगितलंय. टाळ्याही घेतल्यात.

माझी स्वतःची लेक दोन वर्षं लातूरला हॉस्टेलवर होती. मेडिकलची तयारी. दर रविवारी टेस्ट, आणि रविवारीच संध्याकाळी मेस बंद.

टेस्ट सुटली की माझा फोन. "किती येतील?"

आणि मेस बंद म्हणून औशाहून एसटीनं आक्का. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. स्टीलचा डबा, झाकणावर तिचं नाव घातलेलं.

मी म्हणायचे, "आक्का, कशाला एवढी तकलीफ घेता?"

"मला कसली तकलीफ? बस नेती की!"

दुसऱ्याचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आमच्या घरात लहान पोरांनाही माहीत. काही नसलं तर साखरेची चिमूट घालायची. हॉस्टेलच्या खोलीत साखर कुठली? ऋतुजा त्यात चिठ्ठी घालायची.

हे मला माहीत नव्हतं.

किडनीच्या दुखण्यानं आक्का लातूरला ॲडमिट झाली, तेव्हा तिच्या साड्या आणायला मी औशाला गेले. कपाटात साड्यांच्या खाली एक पिशवी. पिशवीत चिठ्ठ्या. अक्षर माझ्या लेकीचं.

वाचायला नको होत्या. तीन वाचल्या. चौथी उघडून मिटली. त्यात मोठेपणा काही नव्हता, भीती होती.

कारण तिसरीत लिहिलं होतं, "मोठ्याई, आईला सांगू नको. रविवारी तिचा फोन वाजला की माझ्या पोटात कळ येते."

मी तिथंच पलंगावर बसले.

खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते. त्या क्षणी लेकीच्या पोटाची काळजी आधी आली नाही. आधी आलं ते हे, की हिनं तिला का सांगितलं? मला का नाही?

उत्तर हातातल्या कागदावरच होतं. तरी विचारत बसले.

दवाखान्यात आक्कानं नुसतं माझं तोंड बघितलं.

"वाचल्यास न्हवं?"

मी साड्या कॉटवर ठेवल्या.

"पोरगी म्हणली सांगू नको, म्या सांगितलं न्हाई. तू चोरून वाचलीस, ते तुझं तू बघ." आणि हसली.

मी चिडले. आजारी माणसावर! "तुम्हाला बरं सगळं सांगते ती! काय जादू करता?"

"जादू कशाची, बाई? मी आधी माझं गाऱ्हाणं सांगती. कंडक्टरशी भांडण झालं, भाकर करपली, आमचं माणूस ऐकत न्हाई. मग ती तिचं सांगती. तुझं कधी काही चुकतच न्हाई. मग पोरीनं चुकलेलं कुणाला दावावं?"

मला दुसरंच सुचलं. "माझंही गाऱ्हाणं सांगता?"

"हाव! लई तुझंच. नवी नवरी होऊन आलीस अन् माझ्या किराणाच्या यादीतल्या चुका लाल पेनानं काढल्यास. पोट धरून हसली पोरगी."

मला ती यादी आठवतही नव्हती. तिनं वीस वर्षं जपून ठेवली होती, आणि माझ्या लेकीला हसवायला वापरली.

तीन आठवड्यांनी आक्का गेली.

ऋतुजाला मेडिकल मिळालं नाही. ती लातूरलाच फिजिओथेरपी करतेय. डबा आता माझ्याकडे आहे. महिन्यातल्या एका रविवारी मी नांदेडहून घेऊन जाते. झाकणावर नाव आक्काचंच.

फोनवर मीही आधी माझं सांगून बघितलं. "आज माझी भाजी करपली गं."

पलीकडून, "आई, तुझी तब्येत बरी आहे ना?"

मग एकदा धीर करून सांगितलं, "तुझ्या चिठ्ठ्या मी वाचल्या होत्या. तीन." ती म्हणाली, "ठेवते."

डबा तरीही रिकामा येत नव्हता. कधी बिस्किटांचा पुडा, कधी दोन लिंबं. रीतीपुरतं. मी घरी येऊन ते बाहेर काढायचे आणि डब्याचा तळ बघायचे. दर वेळी.

गेल्या रविवारी पुड्याखाली कागद होता.

"आई, मागच्या वेळी चटणी फार खारट होती. फोनवर बोलायचा धीर झाला नाही. मोठ्याईची अशी कधीच व्हायची नाही."

किती वेळा वाचली, ते सांगत नाही.

आक्का, चिठ्ठी मला आलीय. पण तिच्यातही तुम्हीच आहात. हेवा अजून गेलेला नाही, आणि तो गेला असं इथं खोटं लिहिणार नाही.

आज वर्षश्राद्धाला, तुमच्या नावानं वाढायच्या पानासाठी, तुमच्याच डब्यातून चटणी आणतेय. मीठ बेतानं घातलंय. चुकलं असेल तर लाल पेन तुमच्या हातात.

धाकट्या जावेचा, हेव्यासकट, नमस्कार.