नाकानं उचललेला फोन

तेरखेड्याच्या फटाका कारखान्यात मी आयुष्यभर कागदाच्या नळ्या वळल्या. खळ लावायची, कागद गुंडाळायचा, बोटानं दाबून चिकटवायचा. बोटांची टोकं वहाणेच्या तळासारखी झाली. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं, लेकीनं पुण्याहून नवा फोन पाठवेपर्यंत.

जुना फोन नवऱ्याचा. नवरा गेला, फोन राहिला. पडद्यावर नख दाबलं की तो निमूट ऐकायचा. लेकीनं त्यातलं सिम नव्यात घालायला लावलं, कारण नव्यात नातीचा चेहरा दिसतो. पण या नव्या बयेला माझं बोट कळेचना. कॉल आला की हिरव्या खुणेवर बोट घासून मी रडकुंडीला यायचे. फोन वाजून वाजून गप्प व्हायचा.

पुण्याला राहायला जायला मी नाही म्हटलं होतं. त्यात फोनही उचलला जाईना, म्हणून लेकीला वाटलं, आई रुसली. शेवटी शेजारणीच्या फोनवर म्हणाली, "आमचं तोंड बघायचं नसलं तर तसं सांग की." मी काही बोलायच्या आत तिनं फोन ठेवला.

मी दोन्ही फोन घेऊन तालुक्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "मावशी, जुना दाबावर चालतो. नखानं दाबा, काडीनं दाबा. नव्या काचेला कातड्यातनं अंगातली जराशी वीज लागती. तुमची बोटं लई जाड झाल्यात."

"म्हंजे मी जित्ती हाय, हे तिला कळत न्हाय व्हय?"

तो हसला. मला हसू आलं नाही. सिम परत जुन्यात घालू का, असं त्यानं विचारलं. एका फोनला मी कळत होते, दुसऱ्यात नात दिसणार होती. घरी येऊन बोलायला माणूस नाही, निदान बघायला तरी असावं. "ऱ्हाऊ द्या नव्यातच," मी म्हणाले.

रविवारी फोन वाजला. मी चिडून काचेवर वाकले, तर नाकाचं टोक पडद्यावर घासलं आणि कॉल उचलला गेला! समोर नात. मागं कुठंतरी लेकीच्या बांगड्या वाजत होत्या.

"आजी, तू मला पापी दिलीस?"

"दिली की गं माझे बाई," मी बिनदिक्कत खोटं बोलले.

"मग मी पण देते." तिचे ओठ मोठे होत काचेला टेकले. ते कोवळं कातडं काचेनं लगेच ओळखलं. नेमकी लाल खूण तिथंच होती. कॉल तुटला.

मला खूप एकटं वाटलं. मी रुसले नाही, एवढंच लेकीला सांगायचं होतं, आणि तेच राहिलं. मी पदरानं काच पुसली, आणि परत वाजेल म्हणून नाक जवळ धरून बसून राहिले.