नववं खातं

"पैसा कुठला गो?" अंगठ्याच्या मशीनवर कोणी बोट ठेवण्याआधी ताईंचा हा प्रश्न यायचाच. शेणव्यात आमच्या बँकेचं छोटं केंद्र त्या चालवायच्या, मी शहापूरच्या शाखेत. मजुरीचे असोत की पोराने पाठवलेले, सांगितल्याशिवाय सुटका नाही. सख्ख्या चुलत सासऱ्यांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

अशी बाई फसली कशी, याचं मला अजून नवल वाटतं. एक दिवस वाडीवरच्या नऊ बायका खाती उघडायला आल्या. योजनेचे पैसे येतील, असं त्यांना एका गोडबोल्या तरुणाने सांगितलेलं. तो सोबतच होता, खात्यांना जोडायचे मोबाइल नंबरही त्यानेच दिले.

"हा कोण?" ताईंनी विचारलं.

"आमच्यात जेवला तो. आपलाच हाय."

वाडीवर ताटाला ताट लावून जेवला की माणूस परका राहत नाही. आणि रिकाम्या खात्याला पैसा कुठला, हे विचारणार तरी कसं?

आठवड्याने त्यातली एक सहज बाकी बघायला आली, तर खात्यात साडेचार लाख. ताईंनी मला फोन केला. "भाऊ, हिनं एवढा पैसा सपनात पण बघितला नाय. थांबवा." तेवढ्यात रेंज गेली आणि फोन तुटला.

कुठल्यातरी म्हाताऱ्याचा लुबाडलेला पैसा असा गरिबाच्या खात्यात उतरवतात आणि दहा मिनिटांत त्याचं क्रिप्टो करून देशाबाहेर पळवतात. मागे सापडते ती फक्त खातेदार. पण ताई थांबतात कसल्या! शटर ओढलं, वही काखोटीला मारली आणि शहापूरची जीप धरली. ड्रायव्हरला वाटेत एक सीटसुद्धा भरू दिली नाही म्हणे. रेंज मिळेल तशा त्या फोनवर नऊही खात्यांचे नंबर सांगत होत्या, मी तळहातावर लिहीत होतो, मॅनेजर एकेक खातं गोठवत होते. सात झाली, आठ झाली. नवव्याला रेंज गेली ती गेलीच. ताई धापा टाकत शाखेत शिरल्या, तेव्हा ते खातं रिकामं झालं होतं.

खातं होतं वाडीवरच्या सुइणीचं. पोलिसांनी तिला आरोपी केलं. दर तारखेला ताई तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जायच्या.

"खातं मी उघडलं," त्यांनी साहेबांना सांगितलं. "हिला आकडा वाचता येत नाय. आधी माझं नाव लिवा."

"ताई, अंगाशी येईल," मी म्हटलं.

"येऊंदे. बोट माझ्याच मशीनवर ठेवलं ना तिनं."

साहेबांनी नाव खरंच लिहिलं. थंडीत ताई झोपेतच गेल्या. मी फार रडलो.

उन्हाळ्यात सुइणीचं नाव आरोपींतून निघालं. कागद मीच तिला वाचून दाखवला.

"आन् ताईंचं?"

त्या गेल्या, तशी त्यांची चौकशीही संपली, नाव मात्र कागदावर तसंच राहिलं, मी म्हणालो. तिला ते पटलं नाही. पुढच्या तारखेला, कोणी बोलावलं नसतानाही, ती वाडीवरून चालत उतरली, पोलीस ठाण्यात गेली आणि हवालदाराला म्हणाली, "मी ताईंच्या वतीनं बसते." संध्याकाळपर्यंत ती बाकावरून हलली नाही.