सिलिकॉन फिलोचं, पुढचं माझं

आमच्या विज्ञानाच्या वर्गात किस्से घडवावे लागत नाहीत. बाकावर नुसतं गप्प बसलं, तरी आठवड्याला दोन-तीन हाती लागतात. आणि गप्प बसणं मला छान जमतं!

यंदा नव्या कर्णिक बाई आल्या. नोकरी टेंपररी, इन्स्पेक्टरसाहेबांचा शेरा चांगला पडला तरच पर्मनंट. "पुढे कॉलेजात सगळं इंग्रजीत असतं गं," म्हणून त्यांनी रसायनांची इंग्रजी नावं पाठ करायची एक रीत काढली. बाकावरच्या एकीने पहिला शब्द म्हणायचा, दुसरीने पुढचा. माझ्या शेजारी खाडीपलीकडच्या गोराईहून होडीने येणारी फिलोमिना, आमची फिलो. ती गरजायची, "सिलिकॉन!" मी पुटपुटायची, "डायऑक्साइड."

*

सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे वाळू, हे कळल्यावर फिलोने होडीतून पिशवीभर वाळू आणली.

"अगं, चिमूटभर पुरली असती!"

"असू द्या ना बाई, आमच्याकडे काय संपणार आहे?"

*

सिलिकॉन कार्बाइड धार लावायच्या चाकात असतं, म्हणून बाईंनी फाटकावरून जाणाऱ्या धारवाल्यालाच थांबवलं. त्याच्या चाकातून ठिणग्या उडाल्या, आम्ही टाळ्या पिटल्या. मोठ्या बाई धावत आल्या.

"कर्णिक बाई, कशाला धार लावताय?"

"मुलींना!"

*

सिलिकॉन स्टील ट्रान्सफॉर्मरमध्ये असतं. "स्टेशनजवळचा लांबूनच बघून या," बाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय दिसलं?"

फिलो म्हणाली, "कवटी आणि दोन हाडं!"

*

इन्स्पेक्शनच्या दिवशी ओहोटीमुळे होडी चिखलात अडकली. फिलो आलीच नाही. साहेबांनी नेमकं मलाच उठवलं.

"वाळूचं रासायनिक नाव काय?"

मला येत होतं. पण पहिला शब्द मी आजवर कधी म्हटलाच नव्हता! जीभ हलेना. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. साहेबांनाच माझी दया आली.

"सिलिकॉन..."

"डायऑक्साइड!"

साहेब चमकले. "सिलिकॉन?"

"कार्बाइड!"

"सिलिकॉन?"

"स्टील!"

"सिलिकॉन?"

"टेट्राक्लोराइड!"

"अगं, मग अख्खं नाव का नाही सांगत?"

मागून सगळ्या ओरडल्या, "साहेब, सिलिकॉन फिलो म्हणते!"

साहेब इतके हसले, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. जाताना ते दारात थबकले. मोठ्या बाईंकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे वळले.

"कर्णिक बाई..." म्हणाले, आणि थांबून राहिले.

"पर्मनंट!"