कर्लिंगवाल्या काकू

आमच्या शेजारच्या काकूंइतका अस्वस्थ जीव ऐंशीच्या दशकात अख्ख्या कॅलिफोर्नियात दुसरा नसेल. काकू म्हणजे आपल्याकडच्या नव्हेत. अस्सल कॅनडाच्या, सोनेरी केसांच्या, दाराला डोकं टेकेल एवढ्या उंच. माझ्या मुलींनी पहिल्याच दिवशी ‘काकू’ म्हटलं आणि बाईंना ते इतकं आवडलं, की टपालवाल्यालाही त्या तेच नाव सांगू लागल्या. नवऱ्याला सांता क्लाराला कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत नोकरी लागली म्हणून त्या फ्रीमाँटला आल्या. त्याआधी त्या कॅनडाच्या कर्लिंग चॅम्पियन होत्या. कर्लिंग म्हणजे बर्फावरून वीस किलोचा गुळगुळीत दगड घसरत सोडायचा, दोघींनी त्याच्यापुढे झाडूने बर्फ घासत धावायचं आणि तो दगड लांबच्या वर्तुळाच्या मधोमध नेऊन थांबवायचा; समोरची टीम धडक मारून तो उडवायला बघणारच. “म्हणजे केर काढायचाच खेळ की!” असं आमचे हे म्हणाले. काकूंनी शांतपणे झाडू आणून ह्यांच्या हातात दिला आणि अख्खा ड्राइव्हवे घासून घेतला.

फ्रीमाँटमध्ये बर्फ फक्त सरबतात. त्यामुळे काकूंचा खेळ मिळेल त्या वस्तूवर चालायचा. सुपरमार्केटमध्ये त्या भरलेली ट्रॉली लांबून सोडून द्यायच्या आणि ती काउंटरच्या वीतभर अलीकडे थांबली नाही, तर मागे नेऊन पुन्हा सोडायच्या. स्वयंपाकघरात चालणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पायात मोजे घालून ओट्यापासून फ्रिजपर्यंत एका गुडघ्यावर घसरत जायच्या. माझ्या हळदीकुंकवाला आल्या, जेमतेम दोन मिनिटं टेकल्या आणि उठून सगळ्या वाट्या गोलात मांडू लागल्या. हळदीची वाटी इतर वाट्यांच्या आड सरकवून म्हणाल्या, “हिला आता कुणी हलवू शकणार नाही!” हळदीकुंकवाला आलेल्या एक डॉक्टरीणबाई हात पुढे करून ताटकळत उभ्या.

मग एका हिवाळ्याच्या तोंडावर त्यांच्या जुन्या टीममधून फोन आला. कॅप्टनचं मनगट मोडलं होतं, येशील का? काकू कुंपणावरून उडी मारूनच माझ्याकडे आल्या.

“अगं, पण तुझ्या त्या दुखऱ्या गुडघ्याचं काय?” मी विचारलं.

“तो माझ्याबरोबरच येईल. त्याला वेगळं काय विचारायचं?”

नवऱ्याने गुपचूप बॅग भरली. हिवाळाभर त्या तिकडे कॅनडात बहिणीकडे राहिल्या. दर रविवारी फोन यायचा आणि मुली ओरडायच्या, “काकू, डिड यू विन?” त्या जिंकतच गेल्या. थेट राष्ट्रीय स्पर्धेच्या सेमीफायनलपर्यंत. तिथे शेवटचा दगड त्यांच्या हातात होता. “हातातून सुटला तेव्हाच कळलं मला,” फोनवर त्या म्हणाल्या, ओरडून ओरडून बसलेल्या आवाजात. “बोटभर पुढे गेला.”

त्या परतल्या आणि त्याच उन्हाळ्यात नवऱ्याला ॲरिझोनात, चँडलरला नोकरी मिळाली. ऐन वाळवंटात. मी त्यांच्या कपबश्या कागदात गुंडाळायला गेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “फार वाईट झालं गं, इतक्या जवळ येऊन.”

“हरण्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “दगड चुकला हे झाडूवाल्या दोघींनाही कळलं होतं. तरी त्या त्याच्यापुढे घासत धावल्या, अगदी शेवटपर्यंत. त्यांच्यापैकी एकीला तर नातवंडं आहेत. मग आम्ही चौघी तिथेच बर्फावर बसून हसलो.” हातातल्या बशीकडे त्या बघत राहिल्या. “इथे सगळे चांगले आहेत. तूही. पण माझ्या चुकलेल्या दगडापुढे धावणाऱ्या बायका तिकडे आहेत.”

मी पुढची कपबशी उचलली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सामानाचा ट्रक गेला. मी घरात आले आणि सणवार काही नसताना नागपूरला थोरल्या बहिणीला फोन लावला. ती घाबरलीच. “काय झालं गं?”

“काही नाही,” मी म्हटलं. “तू बोल.”